खाडीकाठची वर्गवारी

सजीवांचे कोणतेही दोन गट घेतले तरी त्यांच्यात चारच तऱ्हांचे नाते संभवते. दोन्ही गट मुळात एकच असतात, किंवा एक दुसऱ्याच्या पोटात बसतो, किंवा दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नसतो, किंवा दोघांत थोडे सामाईक असून उरलेले ज्याचे त्याचे असते. कार्ल लिनियसने १७३५ मध्ये ‘सिस्टेमा नॅचुरे’ प्रसिद्ध केले, १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना सरसकट दुहेरी नावे दिली, आणि या पद्धतीत चौथ्या नात्याला जागाच ठेवली नाही. एकाच पातळीवरचे दोन गट एकमेकांत घुसत नाहीत, आणि वरच्या पातळीवरचा गट खालच्याला एक तर पुरता पोटात घेतो, नाही तर पुरता बाहेर ठेवतो.

नवी मुंबईतल्या माणसाला ही रचना नवी नाही. सिडकोने आखलेल्या या शहरात नोडच्या पोटात सेक्टर आणि सेक्टरच्या पोटात प्लॉट असतो. एकच प्लॉट दोन सेक्टरांत कधी नसतो. पण ‘खाडीकडे तोंड असलेले प्लॉट’ असा गट केला की तो अनेक सेक्टरांतून आडवा जातो. सजीवांच्या बाबतीतही असे आडवे गट पुष्कळ आहेत, आणि खाडीकाठी काम करणाऱ्यांचा रोजचा संबंध उभ्या उतरंडीपेक्षा या आडव्या गटांशीच अधिक येतो. पाणपक्षी, स्थलांतरित पक्षी, कांदळवन, मासळी हे सगळे गट आडवे आहेत. उभे आणि आडवे गट एकाच रकान्यात लिहिले की घोळ सुरू होतो.

ठाणे खाडीचा ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे. तिथून भरतीच्या वेळा पाहून बोटी सुटतात, शाळांच्या सहली येतात, आणि हिवाळ्यात पक्षिगणनेची माणसे दुर्बिणी घेऊन बसतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ती १९८७ पासून चालू आहे. वर्गीकरणाचे तर्कशास्त्र पुस्तकात कितीही कोरडे वाटले, तरी इथे ते नोंदपत्रकाच्या ओळींत आणि बेरजेत प्रत्यक्ष कामाला येते.

खाडीत रोहित पक्ष्यांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, अंगाने फिकट. त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. छोटा रोहित ठेंगणा, रंगाने गडद. त्याची चोच अख्खी काळपट लाल, लांबून काळीच वाटणारी. ओहोटीच्या चिखलावर जवळ उभा असलेला पक्षी ओळखायला कठीण नाही. कठीण असतो तो दोनशे मीटरांवरचा, चोच चिखलात खुपसलेला आणि उन्हाच्या झळीत हलणारा पक्षी. दोन्ही जातींची पिल्ले पहिली काही वर्षे राखाडी-तपकिरी असतात, त्यामुळे रंगाचा आधारही सुटतो. थव्याची गणना एकेक पक्षी मोजून होत नाही. आधी थव्याचा एक तुकडा मोजायचा, तो नजरेत बसवायचा, आणि तेवढे किती तुकडे बसतात ते पाहायचे. खाडीतल्या रोहितांची संख्या लाखाच्या पुढे गेलेली आहे, तेव्हा दुसरा मार्गही नाही.

अशा वेळी पत्रकात तिसरी ओळ लागते: ‘रोहित, जात न ओळखलेली’. या ओळीचे तर्कातले स्थान नीट ओळखावे लागते. ती तिसरी जात नव्हे. तिच्यातला प्रत्येक पक्षी मोठा तरी आहे किंवा छोटा तरी. फक्त कोणता ते मोजणाऱ्याला सांगता येत नाही. पक्ष्यांची एकूण संख्या काढताना तिन्ही ओळी मिळवायच्या, कारण प्रत्येक पक्षी एकाच ओळीत गेलेला आहे. किती जाती दिसल्या हे सांगताना मात्र तिसरी ओळ सोडून द्यायची. घाईने केलेल्या अहवालात ओळी मोजून ‘रोहितांच्या तीन जाती’ असे छापले जाऊ शकते, आणि बारीक टिलव्यांच्या बाबतीत तर ही चूक चटकन पकडलीही जात नाही, कारण तिथे न ओळखलेल्यांच्या ओळीच चार-पाच असतात. ‘ई-बर्ड’ या नोंदप्रणालीत अशा नोंदींसाठी दोन स्वतंत्र सोयी आहेत. दोन जातींपैकी एक नक्की, पण कोणती ते ठाऊक नाही, असे असेल तर तिरपी रेघ मारून दोन्ही नावे द्यायची. फक्त प्रजातीपर्यंत किंवा कुलापर्यंत पोचता आले असेल तर तिथेच थांबायचे. दोन्ही नोंदी जातींच्या संख्येत धरल्या जात नाहीत. खाडीवर मुरलेला निरीक्षक ज्या पातळीपर्यंत खात्री आहे तेवढेच लिहितो, आणि तशी नोंद ही पूर्णपणे खरी नोंद असते. नवख्याला ती अपुरी वाटते आणि तो पुढची पायरी अंदाजाने चढतो. वर्गीकरणाची उतरंड ही अज्ञान नेमके कुठून सुरू होते ते सांगण्याची उत्तम सोय आहे, आणि याचे श्रेय लिनियसला क्वचितच दिले जाते.

एक गट दुसऱ्याच्या पोटात असला की वरच्या गटाविषयी खरे असलेले सर्व काही खालच्याला आपोआप लागू पडते. सगळे रोहित चोच उलटी धरून पाणी गाळून खातात, म्हणून छोटा रोहितही तसेच खातो. वेगळे तपासावे लागत नाही. उलट दिशेने हा नियम चालत नाही. छोट्या रोहितचे मुख्य खाद्य अतिसूक्ष्म नीलहरित शैवाल. त्यावरून ‘फ्लेमिंगो शैवाल खातात’ असे फलकावर लिहिले की मोठ्या रोहितवर अन्याय होतो. त्याच्या चोचीतली गाळणी जाडीभरडी असते आणि तो बारीक कोळंबी, शिंपल्यांतले जीव, किडे आणि बियासुद्धा गाळतो. त्यात हे नीलहरित शैवालही शैवाल नाही. केंद्रक नसलेला तो जीवाणू आहे, आणि रॉबर्ट व्हिटेकरच्या १९६९ च्या पंचसृष्टी मांडणीत तो मोनेरात जातो. ‘शैवाल’ हाही एक आडवाच गट म्हणायचा.

दोन्ही रोहित एकाच कुलात आहेत, पण प्रजाती वेगळ्या: मोठा फिनिकॉप्टेरस, छोटा फिनिकोनायस. त्या कुलात जगभरच्या जाती अवघ्या सहा. इतके छोटे कुल, तरी त्याला शेजारी कोणाच्या बसवायचे यावर पक्षिशास्त्रज्ञांचे फार काळ जमले नाही. लांब पाय पाहिले की चित्रबलाकाची आठवण येते. पायाचे पडदे, हंसासारखा आवाज आणि पिसांतल्या उवादेखील बदकांच्या उवांच्या जवळच्या, म्हणून दुसरा पक्ष बदक-हंसांकडे ओढत असे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डीएनएचे पुरावे आले आणि दोन्ही पक्ष हरले. रोहितांचे सर्वांत जवळचे आप्त निघाले ते टिबुकलीचे कुल. नवी मुंबईतल्या तळ्यांवर बुड्या मारणारी मूठभर तपकिरी टिबुकली आणि खाडीतला गुलाबी रोहित यांचा एक गट होतो, आणि रोहितशेजारीच चिखलात उभा असलेला चित्रबलाक त्या गटाबाहेर राहतो. तर्कशास्त्र फक्त इतकेच बजावते की गट एकमेकांत घुसू देऊ नका. कोणता गट कोणाच्या पोटात घालायचा हे ते सांगत नाही. ते पुराव्याने ठरते आणि पुराव्याबरोबर बदलते.

पक्ष्यांकडून झाडांकडे वळले की आडव्या गटाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मिळते. ‘कांदळवनातली झाडे’ हे नाव कुळावरून पडलेले नाही, जगण्याच्या रीतीवरून पडले आहे: खारे पाणी, रोजची भरती, प्राणवायू नसलेला चिखल, आणि त्यात उभे राहण्यासाठी केलेली मुळांची व बियांची तजवीज. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा सुमारे २० जाती आहेत, आणि त्या एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या कुलांतून आलेल्या आहेत. ऐरोलीच्या लाकडी पुलावरून चालताना पेन्सिली रोवल्यासारखी श्वसनमुळे दिसतात ती तिवराची, म्हणजे अविसेनियाची. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१–१९०८) तिवर व्हर्बिनेसी कुलात होते. पुढे त्याला स्वतःचे कुल मिळाले. आता ते अकँथेसीत, म्हणजे अडुळसा आणि कोरांटीच्या कुलात आहे. काटेरी पानांची मारांडीही तिथलीच. तिवर आणि मारांडी एका चिखलात वाढतात आणि एका कुलातही आहेत. पण एका चिखलात असणे हे एका कुलात असण्याचे कारण नव्हे, कारण अडुळसा परसातच वाढतो.

पांढऱ्या चिप्पीची गोष्ट याहून गमतीची. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. सॉनरेशिया ही तिची प्रजाती बराच काळ स्वतंत्र कुलात ठेवली जात होती. आता ती लिथ्रेसीत आहे. मेंदी त्याच कुलातली, डाळिंबही आता तिथेच, आणि राज्याचे फूल असलेला तामणही तिथलाच. म्हणजे राज्याचे फूल आणि राज्याचा कांदळवृक्ष एका घरचे निघाले. दोन्ही निवडी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या. शाळेच्या सहलीत ही माहिती दिली की मुले हमखास विचारतात, मग मेंदीही चिखलात वाढेल का? प्रश्न चुकीचा नाही. कुल सामाईक असले की फुलाची ठेवण, बीजकोश अशा काही गोष्टी सामाईक असतात. खाऱ्या चिखलात जगण्याची युक्ती त्यांत येत नाही, ती चिप्पीच्या शाखेने स्वतंत्रपणे कमावलेली आहे.

आता हेच नाते काटेकोर मांडायचे तर पातळी सांगावी लागते. तिवराच्या जातीतले प्रत्येक झाड कांदळवनी आहे. जात पूर्णपणे आडव्या गटाच्या पोटात. अविसेनिया ही सगळी प्रजातीही पोटात. पण अकँथेसी हे कुल घेतले की नाते बदलते: काही जाती आत, बहुतेक बाहेर. आधारमुळांचा कांदळ ज्या कुलात आहे त्या ऱ्हायझोफोरेसीची ओळखच कांदळवनाशी जोडली गेली आहे, तरी त्यातला कॅरॅलिया पश्चिम घाटाच्या जंगलात गोड्या पाण्यावर वाढतो. म्हणून ‘कांदळवनाचे कुल’ असा शब्दप्रयोग करणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. शिवाय आडव्या गटाची हद्दही धूसर असते. खऱ्या कांदळवनी जाती आणि त्यांच्या सोबती जाती असा भेद करतात. जमिनीकडच्या कडेला उगवणारा पिलू सोबत्यांत जातो, आणि मारांडीला कोणत्या बाजूला ठेवायचे यावर याद्यांचे एकमत नाही. जात म्हणून मारांडी कोणत्या कुलातली यावर मात्र वाद नाही.

झाड ओळखायला शिकवताना द्विभाजी किल्ली वापरतात. तिचा आजचा घाट लामार्कने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी रूढ केला. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असतात. त्यांनी एकमेकांना वगळले पाहिजे, आणि दोहोंत मिळून सगळे आले पाहिजे. ‘पाने समोरासमोर की एकाआड एक’ हा प्रश्न चांगला, कारण हातातल्या फांदीवर तिसरे उत्तर मिळत नाही. ‘पाने मोठी की जाड’ हा वाईट, कारण पान दोन्ही असू शकते आणि दोन्ही नसूही शकते. एकाआड एक पाने असतील तर पुढे विचारायचे, देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो का. येत असेल तर गेवा, नसेल तर काजळा. चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका असतो, म्हणून ही कसोटी मुलांना हाताने करू देत नाहीत, दाखवतात. समोरासमोर पानांच्या फांदीवर तिवर, चिप्पी आणि कांदळ उरतात. त्यांत कांदळ मुळांवरूनच ओळखू येतो, आणि झाडावरच रुजलेले, शेंगेसारखे लांब लोंबणारे अंकुर त्याची खूण पक्की करतात. तिवर आणि चिप्पी यांच्यात पानाची मागची बाजू पाहायची. तिवराची राखाडी-पांढरट असते, आणि चिप्पीची श्वसनमुळे पेन्सिलीपेक्षा बरीच जाड, शंकूसारखी निमुळती.

ही किल्ली फार उपयोगी आहे, आणि तिच्यावरून नाती ठरवू लागले की तितकीच फसवी. किल्लीत गेवा आणि काजळा एका फांदीवर आले. वंशाने गेवा एरंडाच्या कुलातला आणि काजळा प्रिम्युलेसीतला. गेव्याचे कुल ज्या गणात आहे त्याच गणात कांदळाचे कुल आहे, आणि कांदळ तर किल्लीने पहिल्याच पायरीला गेव्यापासून तोडला होता. किल्ली नावापर्यंत पोचवते, वंशापर्यंत नाही. दोन्ही कागदांवर फांद्यांचीच आकृती असते, म्हणून गल्लत होते. एकावर ‘किल्ली’ आणि दुसऱ्यावर ‘वंशवृक्ष’ असे ठळक लिहिलेले बरे.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात ‘मासळी’ या गटात काय काय येते पाहावे: बोईट, मांदेली, बोंबील, निवटी, मुशी, पाखट, कोळंबी, जवळा, चिंबोरी, माकूल, कालवे, खुबे. कोळंबी, जवळा आणि चिंबोरी संधिपाद. माकूल, कालवे आणि खुबे मृदुकाय. जाळ्यात किंवा हाताला लागणारे, खाडी-समुद्रातले, खाण्याजोगे असा हा गट आहे आणि विकणारीच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नाही. गंमत अशी की यातून कवचवाले आणि मऊ अंगाचे काढून टाकले, फक्त पाठीचा कणा असलेले मासे ठेवले, तरी उरलेला गट वंशवृक्षात नीट बसत नाही. बोंबलाला हाडांचा सांगाडा आहे, मुशीला कूर्चेचा. हाडांच्या माशांच्या एका शाखेतूनच पुढे चतुष्पाद आले, त्यामुळे वंशाच्या हिशेबाने बोंबील मुशीपेक्षा गाईला जवळचा. एका पूर्वजाची सगळी संतती गटात हवी, असा नियम जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० मध्ये मांडला. तो पाळायचा तर ‘मासे’ या गटात गाय घ्यावी लागते, नाही तर गटच मोडावा लागतो. सरपटणाऱ्यांचेही तसेच: मगरीचे जवळचे आप्त पाली नव्हेत, पक्षी. ‘अपृष्ठवंशीय’ हा गट तर निव्वळ नकारावर उभा आहे. कणा असलेले वेगळे काढल्यावर जे उरले ते सगळे त्यात. गोगलगाय आणि डास यांच्यात कणा नसण्यापलीकडे त्या नावाने काहीच सांगितले जात नाही. शालेय पुस्तकांत हे गट अजून आहेत आणि सोयीसाठी ते राहावेतही; फक्त त्यांना संघ किंवा वर्ग यांच्या पंक्तीला बसवू नये.

कायद्यालाही गट करावे लागतात, पण त्याचे निकष आणखी वेगळे. २०१७ च्या पाणथळ नियमांतून मिठासाठी, मत्स्यपालनासाठी, सिंचनासाठी खास बांधलेली जलस्थाने वगळली आहेत. भरतीला खाडीचा चिखल बुडाला की रोहित नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाण्यात येऊन उभे राहतात. खाली असलेले पाणी नियमाच्या कोणत्या बाजूला पडते हा प्रश्न त्यांच्या वर्गीकरणात नाही, आपल्या आहे.

आतापर्यंत गट आणि पातळी हे शब्द एकमेकांशेजारी वापरले; ते वेगळे ठेवणे हे या विषयातले सर्वांत नाजूक काम. फिनिकॉप्टेरस हा गट आहे, ‘प्रजाती’ ही पातळी. चिखलात उभा असलेला एक पक्षी मोठ्या रोहितच्या जातीचा सदस्य आहे. ती जात पक्षिवर्गाच्या पोटात आहे, म्हणून तो पक्षी पक्षिवर्गाचाही सदस्य. पण मोठा रोहित ही एक ‘जात’ आहे, यावरून तो उभा असलेला पक्षी ‘एक जात’ ठरत नाही. पोटात असण्याचे नाते पायरीपायरीने खाली पोचते, सदस्यत्वाचे तसे पोचत नाही. छोटा रोहित संकटसमीप आहे हे विधान जातीविषयी आहे. त्या जातीतला समोरचा पक्षी धडधाकट असू शकतो.

ही गुंतागुंत जोसेफ वुजर याने १९३७ मध्ये चिन्हांकित तर्कशास्त्रात बसवण्याचा प्रयत्न केला, आणि जॉन ग्रेग याने १९५४ मध्ये तिच्यातली एक अडचण समोर आणली. कच्छच्या आखातात क्रॅब प्लव्हर हा काळा-पांढरा किनारपक्षी दिसतो. त्याच्या कुलात एकच प्रजाती आणि त्या प्रजातीत एकच जात. गट म्हणजे केवळ त्यातल्या पक्ष्यांचा संच असे मानले, तर हे कुल, ही प्रजाती आणि ही जात यांतले पक्षी तेच ते, म्हणजे तिन्ही संच एकच. मग एकच गट तीन पातळ्यांवर कसा? यावर बरीच उत्तरे आली. कुणी संचाची व्याख्या बदलली. मायकेल गिसेलिन आणि डेव्हिड हल यांनी तर जात हा संच नसून काळात जन्मणारी आणि नाहीशी होणारी एक सलग वस्तू आहे, पक्षी तिचे सदस्य नसून भाग आहेत, अशी बाजू घेतली. व्यवहारात वर्गीकरणकार असे सांगतो की त्या कुलाची दुसरी जात उद्या सापडली, किंवा जीवाश्मात मिळाली, तर कुल आणि जात यांचे सदस्य वेगळे होतील. नावे तीन ठेवलेली बरी. हे उत्तर तर्कपंडितांना पुरत नाही. नोंदपत्रकाला पुरते.

नाती बदलली की जुन्या नोंदींचे काय करायचे, हा शेवटचा आणि सर्वांत कष्टाचा भाग. ठाणे खाडीच्या चिखलावर हिवाळ्यात सँड प्लव्हर या छोट्या किनारपक्ष्यांचे थवे असतात. ई-बर्डच्या यादीत २०२३ पर्यंत त्यांत लेसर आणि ग्रेटर अशा दोन जाती धरत. त्या वर्षी लेसरच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती करण्यात आल्या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणारे बहुतेक तिबेटन. त्यामुळे जुन्या कागदी वहीतले ‘लेसर’ हे नाव, जे लिहिताना एका जातीचे होते, ते आता दोन जातींना पोटात घेणारे झाले. वहीतला आकडा खोटा ठरत नाही, त्याची पातळी तेवढी एक पायरी वर सरकते. छायाचित्र असेल तर ती नोंद खाली, तिबेटनच्या ओळीत आणता येते. नसेल तर ‘सायबेरियन किंवा तिबेटन’ असेच लिहून ठेवायचे, आणि जातींची संख्या काढताना ती ओळ वेगळी जात म्हणून धरायची नाही. ‘लेसर किंवा ग्रेटर’ असे मुळातच लिहिलेल्या नोंदींना आता दोनऐवजी तीन जातींची शक्यता लागू होते. ग्रेटरची ओळ मात्र होती तशीच राहते.